बसलेल्या माणसाचं माप

एका पत्राला मी वर्षानुवर्षं उत्तर दिलं नाही. साधं पत्र होतं, निळ्या शाईतलं, अक्षर गोल आणि सुटं. मी ज्या प्रकाशनात मुद्रितं तपासायचो त्या पत्त्यावर ते आलं आणि आमच्या मालकांनी ते माझ्या टेबलावर टाकत म्हटलं, "घ्या लेखक, वाचकांचं प्रेम आलंय."

लेखक म्हणणं ही थट्टा होती. मी लिहिलेलं पुस्तक एकच, घरी कपडे कसे बेतावेत आणि शिवावेत यावरचं. मालकांना तसं पुस्तक हवं होतं, ठरलेल्या लेखिका आयत्या वेळी फिरल्या, आणि कचेरीत काहीही वाचणारा माणूस म्हणून माझी ख्याती होती. मी चार-सहा पुस्तकं समोर ठेवून पाचवं-सातवं केलं. मशीन चालवायला शिकलो तो पुस्तक छापायला गेल्यावर, आमच्या हिच्याकडून. ती म्हणायची, "जगात आधी बाळंत होऊन मग लग्न करणारे तुम्हीच."

पत्र लिहिणाऱ्या बाई लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'तुमच्या पुस्तकावरून पँट शिवली. हँगरला फार छान दिसते. बसल्यावर मात्र मागून कंबर उतरते, पुढे पोटावर गोळा होतो आणि खिशातलं सगळं खुर्चीत सांडतं. बसलेल्या माणसाचं माप कसं घ्यायचं आणि खिसा कुठे लावायचा, हे कळवाल का? तयार कपडे मला परवडत नाहीत, आणि परवडले तरी बसत नाहीत.'

मला माहीत नव्हतं. तेवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण पुस्तकावर नाव असलेल्या माणसाने 'मला माहीत नाही' कसं लिहायचं? मी माझी सगळी पुस्तकं पुन्हा पालथी घातली. सगळ्यांतली माणसं उभी होती. मी 'आदरणीय ताई' असं लिहायचो आणि कागद चुरगळायचो. उशीर झाला की लाज वाटते आणि लाज वाटली की आणखी उशीर होतो. तसा तो होत गेला. या सगळ्या काळात मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीतच बसून होतो. माझ्याही खिशातली नाणी रोज खुर्चीच्या फटीत पडायची आणि मी ती रोज वेचायचो. स्वतःकडे एकदा बघावं हे काही सुचलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

पुढे मी निवृत्त झालो, आमची ही गेली. मुलगा आणि सून यांच्याबरोबर राहू लागलो. हिच्या मशीनवर मी पुस्तकांना कापडी वेष्टणं शिवायचो. पुस्तकं हलत नाहीत, तक्रार करत नाहीत, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

मग सुनेच्या मणक्याचं दुखणं निघालं. शस्त्रक्रियेनंतर कमरेखालची शक्ती गेली ती गेलीच. वर्षभर व्यायाम करून ती खुर्ची अशी चालवायला शिकली की दारातून वळताना आम्हीच पाय सावरून बसायचो. ती एका शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळायची. तिला तिथेच परत जायचं होतं. त्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना ती मोठ्या बाई म्हणते, घरी भेटायला आल्या.

"किल्ल्या अंगावर हव्यात, हा नियम मी केलेला नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "ॲसिडचं कपाट आहे. तू टेबलावर ठेवशील, मागच्या पिशवीत ठेवशील, आणि कुणी तरी कार्टं उचलून नेईल."

"गळ्यात घालीन."

"प्रयोगशाळेत गळ्यात लोंबतं काही चालणार नाही, असं मुलांवर कोण ओरडायचं?"

"मीच," सून हसली.

"मग? ऑफिसात टेबल देते ना. पगार तोच. पंख्याखाली निवांत बसशील."

"बाई, बसायची सोय माझी मी करून आणलीय."

मोठ्या बाईंनाही हसू आलं, पण त्या मागे हटल्या नाहीत. शाळा उघडेपर्यंतची मुदत देऊन गेल्या. त्या गेल्यावर सून किती तरी वेळ रिकाम्या हाताने चाकाची कड पुसत राहिली. ऑफिसातलं टेबल म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. तिथून कुणी वर्गावर परत जात नाही.

सगळं येऊन अडलं होतं एका खिशावर. बायकांच्या तयार पँटींना खिसा असतो तो नावाला, दोन बोटं जेमतेम जातात. इलॅस्टिकच्या पँटींना तोही नसतो. पुरुषी पँटचा खिसा बसल्यावर आडवा होतो आणि ओकतो. कमरेचा बटवा पोटात रुततो. मांडीवर काही ठेवावं तर पहिल्याच उंबऱ्याला ते जमिनीवर. आणि दोन्ही हात तर चाकांना हवेत.

मुलाने मोबाइलवर खास शिवलेल्या पँटी शोधल्या. "किंमत बघा," तो म्हणाला. "यात हिच्या खुर्चीची दोन्ही चाकं येतील. शिवाय दुसऱ्या देशातून मागवायची आणि नाही बसली तर परत पाठवायचा खर्च आपला." मग तो कोपऱ्यावरच्या टेलरकडे जाऊन आला आणि तणतणतच घरात शिरला.

"काय म्हणाला?" सुनेने विचारलं.

"म्हणाला, ताईंना एक मिनिट उभं करता येईल का? नुसतं धरून?"

"मग तू?"

"म्हटलं, तुम्हाला एक मिनिट उलटं टांगू का? मग म्हणे, नमुन्याची पँट आणा. अरे, नमुन्याची बसत असती तर तुझ्या दारात कशाला आलो असतो!"

सुनेने फडताळातून माझं पुस्तक ओढून काढलं. मी नको नको म्हणेपर्यंत तिने ते उघडलंही. "'माप देणाऱ्याने दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे राहावे,'" तिने वाचलं आणि पुस्तक मिटलं. "बाबा, पहिल्याच ओळीत मला वर्गाबाहेर काढलंत की!"

ती मनापासून हसली. मुलगाही हसला. मला मात्र कुणी तरी तोंडात मारल्यासारखं झालं. त्या भरात मी म्हणून गेलो, "मी शिवून देतो."

"खरंच?" तिचा चेहरा उजळला. तिने टेप माझ्यापुढे धरला. "मग घ्या ना माप."

आणि माझे हात उचलेनात. मी जन्माचा लाजाळू. सुनेच्या डोक्यावर हात ठेवण्यापलीकडे कधी तिच्या जवळ गेलो नाही. दवाखान्यातसुद्धा मी पडद्याच्या अलीकडे बसायचो. तिची कंबर, मांडी, आसन मापायचं या विचारानेच कानशिलं तापली. "जुन्या पँटवरून घेतो," मी पुटपुटलो. तिने टेप खाली घेतला.

जुनी पँट निरुपयोगी आहे हे मला कळत होतं. दुपारी व्यायामाच्या बाई यायच्या. तेवढा वेळ सून आतल्या पलंगावर असायची आणि खुर्ची बाहेरच्या खोलीत रिकामी. मी दार लोटलं आणि खुर्चीचं माप घेतलं. बैठकीची रुंदी, खोली, पायपट्टीपर्यंतची उंची, पाठीचा कोन. माणूस खुर्चीत मावतो, म्हणजे खुर्चीवरून माणूस काढता येईल, असं माझं गणित. खरं सांगायचं तर मला ते फार हुशारीचं वाटलं. कुणालाही न शिवता कपडा शिवणार होतो मी.

गडद निळ्या जाड सुती कापडाची पँट केली. दोन्ही बाजूंना खोल खिसे, दुहेरी टीप. सुनेने ती घातली आणि म्हणाली, "छान झालीय, बाबा." तिचा एक हात मागे कमरेशी होता. तो तिथे का आहे हे मी विचारलं नाही.

शाळा उघडायच्या आधी एकदा सगळं करून पाहू, म्हणून ती शाळेत निघाली. मलाही बरोबर घेतलं. "शिलाईवाल्याला स्वतःचं काम बघायला नको का?" असं म्हणाली. मोठ्या बाई दारातच भेटल्या. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला, तिने तो उजव्या खिशात टाकला आणि सगळे उतरणीवरून प्रयोगशाळेकडे निघालो. ती पुढे, आम्ही दोघं मागे. मी माझी दुहेरी टीप बघत चाललो होतो.

प्रयोगशाळेच्या दारापुढे थोडा चढ आहे. तिथे थांबून तिने खिशात हात घालायला पाहिलं. हात जाईना. खिसा मांडी आणि खुर्चीची बाजूची पट्टी यांच्यामध्ये चेपला होता. तिने जोर करून ओढलं तशी मागून कंबर उतरू लागली. तिचा हात झटकन मागे गेला, चाक सुटलं आणि खुर्ची उताराला लागली. मोठ्या बाईंनी ती धरली. तोवर मागून शाळेचे शिपाई आले, त्यांच्या हातात जुडगा. "बाई, या खाली उतारावर पडल्या होत्या," ते म्हणाले. त्या कुणाच्या हातात द्याव्यात हे त्यांना कळेना.

मोठ्या बाईंनी किल्ल्या घेतल्या. रागावल्या नाहीत. "अजून आठवडा आहे," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दाराशेजारच्या भिंतीवर मुलांनी काढलेला हाडांचा सापळा होता, सरळ उभा. मी घरी निघेपर्यंत त्याच्याकडेच बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

संध्याकाळी मुलाने पँट हातात घेऊन उलटीपालटी केली. "बाबा, ही कंबर कुणाची आहे? माप कुणाचं घेतलंत?"

"खुर्चीचं," मी म्हणालो.

"कशाचं?"

"खुर्चीचं. ती आतल्या खोलीत असताना."

मुलाला हसू फुटलं आणि सुनेकडे बघताच विझलं.

"म्हणजे ही पँट खुर्चीची," सून म्हणाली. "मग तिलाच घाला."

तिने आवाज चढवला नव्हता, पुढेही चढवला नाही. "दुकानात गेले की यालाच विचारतात, यांना काय हवंय? दवाखान्यात म्हणतात, ती खुर्ची जरा बाजूला घ्या. मी तिच्यात बसलेली असते हो. सवय झाली. मला वाटलं, घरात तरी कुणी खुर्चीशी बोलत नाही."

ती वळली. वळताना चाक चौकटीला अडकलं. मी उठलो, तर म्हणाली, "राहू द्या, बाबा." दार लागलं. मला वाटलं, भूमी दुभंगावी. पण आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, दुभंगली असती तरी खालच्यांच्या स्वयंपाकघरात पडलो असतो.

सकाळी मुलगा कामावर गेल्यावर मी टेप घेऊन तिच्या दाराशी गेलो. आत जायचा धीर होईना, म्हणून दारातूनच बोलू लागलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते त्या पत्राचं. बाईंनी काय विचारलं होतं, मी पुस्तकं कशी पालथी घातली, ते सगळं. "माझ्याकडून हे आधीही झालंय," मी म्हणालो. "माणूस विचारत असतं आणि मी दुसरीकडेच कुठे तरी बघत असतो."

"आणि मग उत्तरात काय लिहिलंत?" तिने विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"आदरणीय ताई. एवढं लिहिलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ आवळून धरले होते, पण हसू सुटलंच. "चला. आदर तरी होता." मग हात पुढे केला. "आणा इकडे टेप. पुढची मापं मी धरते, तुम्ही वाचा. मागचं तुम्हालाच घ्यावं लागेल. आणि डोळे उघडे ठेवा हं, मिटून आकडे दिसत नाहीत."

तिने कमरेला टेप लावला, मी वाकून आकडा वाचला. पाठीमागे, कमरेपासून बैठकीपर्यंत, मी लावला. टेप दोनदा निसटला. ती मुद्दाम शाळेतल्या उंदरांच्या पिंजऱ्याची गोष्ट सांगत बसली, म्हणजे मला वेळ मिळावा. मागचं आसन पुढच्यापेक्षा वीतभर जास्त भरलं. पुस्तकात मी दोन बोटं लिहिली होती. पुढचं मात्र आखूड हवं होतं, नाही तर कापड पोटावर चढतं. बसल्यावर गुडघ्यामुळे पाय वर ओढला जातो, म्हणून लांबीही वाढवायची. मांडीखाली खिसा नाही, जाड शिवण नाही, बटण नाही, कारण तिथे काही रुतलं तर तिला कळत नाही आणि जखम होते. हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तिथेच पडद्याअलीकडे होतो, पण ऐकलं नव्हतं.

राहिला खिसा. तिने हातात खडू घेतला आणि लांब बोळातून खुर्ची चालवत गेली. थांबली की चाकावरून सुटलेला हात जिथे आपोआप पडेल तिथे मांडीवर खूण करायची. पाच-सहा खेपांत खुणांचा पुंजकाच तयार झाला, मांडीच्या वर, गुडघा आणि कंबर यांच्या मध्यावर. मग तिथे किल्ल्या ठेवून ती डावी-उजवीकडे झुकली, पुढे वाकली, उंबरा ओलांडला. किल्ल्या बाहेर पडल्या त्या थोड्याच वेळा. बहुतेक वेळा त्या घसरत दोन मांड्यांमधल्या खळगीत, पोटाच्या दिशेने गेल्या.

"म्हणजे यांना तिकडेच जायचंय," सून म्हणाली. "मग आपण कशाला अडवायचं?"

खिशाचं तोंड बाहेरच्या बाजूला, चाकावरून येणाऱ्या हातासमोर. पोट आतल्या बाजूला, थोडं मागे झुकलेलं. उभ्या माणसाला लावला तर हा खिसा वेड्यासारखा दिसला असता. मी तो कागदावर काढला आणि बराच वेळ पाहत राहिलो. यात अवघड काही नव्हतं. त्या बाईंना मी तेव्हा एवढंच लिहायचं होतं: मांडीवर किल्ल्या ठेवा आणि त्या कुठे जातात ते मला कळवा.

नवं कापड घेतलं नाही. खुर्चीची पँट उसवली. मागच्या वाढीव आसनासाठी कापड पुरेना, तेव्हा मुलाच्या जुन्या पँटचा तुकडा जोडला. त्याचा निळा जरा फिका होता. "मागचं कोण बघतंय?" सून म्हणाली. "माझी पाठ बघायला आधी खुर्चीची परवानगी काढावी लागते." एक खिसा पहिल्यांदा उथळ झाला, तो उसवून पुन्हा लावला. नेफ्यात इलॅस्टिक फक्त मागच्या बाजूला घातलं. आता मी प्रत्येक टप्प्यावर तिला हाक मारायचो आणि ती म्हणायची, "आले, शिलाईवाले." हाक मारताना दर वेळी मला त्या दुपारचं लोटलेलं दार आठवायचं.

शाळा उघडली त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो नाही. मुलगा गेला. मी घरात पुस्तक उघडून बसलो आणि एकच पान वाचत राहिलो. त्यात काय होतं ते आता सांगता येणार नाही. दोघं परत आले ते बोलतच.

"मोठ्या बाईंनी पोलिसासारखी झडती घेतली," मुलगा म्हणाला. "उतारावरून वर जा, खाली ये, तळातला खण उघड, वाकून ती बाटली काढ."

"आणि?"

सुनेने चाकावरून हात उचलला, तो मांडीवर पडला, खिशात गेला आणि किल्ल्या घेऊन बाहेर आला. "ऑफिसातलं टेबल चित्रकलेच्या सरांना दिलं," ती म्हणाली. "ते खूश आहेत. पंखा आहे."

मी मान खाली घातली. मला आनंद झाला होता, पण तो चेहऱ्यावर आणायचा मला अधिकार आहे असं वाटेना.

"आता तुमचं राहिलं," ती म्हणाली.

"माझं काय?"

"ताईंचं. आदरणीय ताईंचं."

मी म्हणालो, इतक्या वर्षांनी बरं दिसत नाही. पत्ता बदलला असेल. त्यांना आठवतही नसेल. त्या असतील की नाही, कुणास ठाऊक. माझ्याकडे कारणांची कधी टंचाई नव्हती.

"पत्ता बदलला असेल तर पत्र परत येईल," सून म्हणाली. "त्यांना उत्तर सापडलं असेल तर त्या तुम्हाला हसतील. हसू देत. आणि नसेल सापडलं तर?"

पत्र मी जपून ठेवलं होतं, ते काढलं आणि लिहायला बसलो. 'आदरणीय ताई' लिहून झालं. या वेळी कागद चुरगळला नाही. पुढे लिहिलं, 'तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटली. आजही मला फार माहीत आहे असं नाही. माझ्या सुनेने जे शोधलं ते पाठवत आहे. तुमची मापं वेगळी असतील, तेव्हा आधी किल्ल्यांनी तपासून पाहा. पुस्तकातलं पहिलं वाक्य चूक आहे. क्षमा मागायला उशीर झाला आहे, तरी मागतो.' शेवटचं वाक्य मला जास्त झाल्यासारखं वाटलं. खोडणार होतो, राहू दिलं. सोबत आकृती ठेवली, आणि आकृती नुसती वाचून कळणार नाही अशी शंका आली म्हणून त्याच निळ्या कापडाचा एक खिसा खऱ्या आकारात शिवून पाकिटात घातला.

पाकीट फुगलं आणि टपालपेटीच्या फटीतून जाईना. मी दोनदा दाबून पाहिलं. मग पोस्टाच्या खिडकीपाशी जाऊन रांगेत उभा राहिलो. बोलावं लागू नये म्हणून मी नेहमी पेटीच वापरतो.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट तराजूवर ठेवलं, बोटाने चाचपलं. "आत काय आहे?"

माझ्यामागे माणसं होती. मी इकडेतिकडे पाहिलं.

"खिसा," मी म्हणालो.

"काय?"

"खिसा आहे, बाई. कापडाचा. एकांनी विचारला होता, त्याला उशीर झालाय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, तिकिटं चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. मी तिथेच उभा होतो. मागचा माणूस म्हणाला, "काका, झालं ना तुमचं?"

"हो," मी म्हणालो आणि बाजूला झालो.